रात्री किती माणसं असतात? वृद्धाश्रम बघायला निघालेल्यांसाठी

घरी आता निभत नाही हे सगळ्यांनी मिळून कबूल केलंय, आईसाठी, वडिलांसाठी, सासूबाईंसाठी एखादा वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर बघायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते समजत नाही, अशांसाठी हे लिहितेय. ठेवावं की ठेवू नये, हा वाद इथे घालत नाही. तो घालायला नातेवाईक पुष्कळ असतात आणि त्यातले बरेचसे रात्री उठायला येत नाहीत.

मी नर्सिंगमधली. पुण्याच्या आसपासच्या अशा केंद्रांत बरीच वर्षं इन्चार्ज होते, त्यामुळे हे सगळं आतल्या बाजूने पाहिलंय. बोलका, हिंडता-फिरता, खमका माणूस कुठेही बरा राहतो, त्याच्यावरून जागेची परीक्षा होत नाही. जिला बोलता येत नाही, स्वतःची कूस बदलता येत नाही, ती आजी रात्री दोन वाजता कुणाच्या हाती असते आणि ते हात तिच्याशी कसे वागतात, ते शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १ : आपल्या माणसाची एक रात्र लिहून काढा

जागा बघायला निघण्याआधी कागद घ्या. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत आपल्या माणसाला कुणाचा, किती वेळा आणि कशासाठी हात लागतो ते लिहा. रात्री लघवीला किती वेळा उठतात? उठताना धरावं लागतं का? जेवण स्वतः करतात की भरवावं लागतं? पाणी पिताना ठसका लागतो का? संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' सुरू होतं का? हे स्मृतिभ्रंश असलेल्यांमध्ये फार दिसतं. दिवसभर शांत असलेला माणूस दिवेलागणीला अस्वस्थ होतो.

हा कागद हाती आला की कुठल्या प्रकारची जागा लागेल ते आपोआप कळतं. आपल्याकडे 'वृद्धाश्रम' या एका पाटीखाली चार वेगळ्या गोष्टी चालतात. हिंडत्या-फिरत्या माणसांना राहायला-जेवायला देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यातल्या कित्येक जण प्रवेशाच्या वेळीच 'स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे' अशी अट घालतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नर्सिंग असलेली केंद्रं वेगळी. स्मृतिभ्रंशासाठीची वेगळी, तिथे फाटक, कुलूप, फिरायची मोकळी जागा, सगळ्याचा विचार निराळा करावा लागतो. आणि सीनियर लिव्हिंग म्हणून फ्लॅट विकतात ते तर सरळ घरखरेदीचं प्रकरण. घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये अशा गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले, पण ते लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी, बाथरूममधले दांडे अशा बांधकामाच्या गोष्टींचे आहेत. तिथे आईला कुणी उठवून बसवेल का, याचं उत्तर त्यात सापडणार नाही.

आज फिरती असलेली व्यक्ती दोन वर्षांनी झोपून असू शकते. म्हणून 'उद्या यांचं चालणं बंद झालं तर तुम्ही ठेवाल का?' हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. नाही म्हणाले तरी वाईट वाटून घेऊ नका. स्पष्ट नाही म्हणणारे बरे. 'बघू तेव्हा' म्हणणारे त्रास देतात.

पायरी २ : ज्याला जायचंय त्याला सांगा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. 'दोन दिवस जरा हवापालट', 'घराला रंग काढायचाय', 'डॉक्टरांनी तपासणीला ठेवायला सांगितलंय' अशा थापा मारून आणलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिले आठ दिवस ती पिशवी भरून दारात बसतात. नंतर बोलणं बंद करतात. घरच्यांना वाटतं, रुळले.

बुद्धी शाबूत असेल तर निर्णय त्यांचाही आहे. दोन जागा दाखवा, त्यांना निवडू द्या, शक्य असेल तर महिनाभर राहून बघू असं खरंखुरं ठरवा आणि ते पाळा. स्मृतिभ्रंश असेल तर सगळं समजावून सांगता येणार नाही, तरी 'इथे तुझी काळजी घ्यायला माणसं आहेत, मी रविवारी येणार' एवढं खरं बोलता येतं. तेच रोज सांगावं लागेल. सांगायचं.

पायरी ३ : दोनदा बघायला जा, दुसऱ्यांदा न सांगता

पहिली भेट वेळ ठरवून. त्या दिवशी बाग, देवघर, टीव्हीचा हॉल, फिजिओथेरपीची खोली सगळं दाखवतील. बघून घ्या. दुसऱ्यांदा मात्र जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी सातनंतर, डे ड्यूटी संपून नाईटची माणसं येतात त्या सुमाराला जा. 'जवळून चाललो होतो, एक गोष्ट विचारायची राहिली होती' एवढं कारण पुरतं. जेवायची वेळ आहे म्हणून थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं तर ते समजू शकतं. पण ठरवल्याशिवाय कुणीच, कधीच आत यायचं नाही असा नियम असेल तर ती जागा मी यादीतून काढते.

आत गेल्यावर भिंती बघू नका, माणसं बघा. सगळ्यात जास्त कळतं ते भरवताना. एका ठिकाणी मावशी उभी, डाव्या हातात ताटली, उजव्या हातात जेवणाचा मोठा चमचा. समोर आजी अर्धवट आडवी. वरण, भात, भाजी, ताक सगळं एकत्र कालवलेलं. आजीचा घास तोंडातच असताना दुसरा चमचा ओठांशी. सात-आठ मिनिटांत ताटली रिकामी आणि मावशी पुढच्या पलंगाकडे. दुसऱ्या ठिकाणी तसाच गुरगुट्या भात, पण मावशी स्टुलावर बसलेली, आजीच्या पाठीला दोन उशा लावून तिला ताठ बसवलेलं, चमचा चहाचा. 'आज दुधीची भाजी आहे हं' असं सांगून आधी वेगळी चाखवली. घास गिळला का ते गळ्याकडे बघून मग पुढचा चमचा. अर्धा तास गेला. पहिल्या ठिकाणच्या मावशीला मी दुष्ट म्हणणार नाही, तिच्या वाट्याला तेवढ्या वेळात आणखी सहा जणी होत्या. पण आडवं ठेवून घाईने भरवलेलं अन्न श्वासनळीत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो आणि या वयात तो जिवावर बेततो. जेवणानंतरही अर्धा तास तरी बसतं ठेवायला हवं.

बाकीच्या खुणा पटापट सांगते. नखं कापलेली आहेत का. डोळ्यांत चिपडं आहेत का. चष्मा नाकावर आहे की ड्रॉवरमध्ये, आणि काच पुसलेली आहे का. पाण्याचा पेला हाताला लागेल असा आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. बेल दाबता येईल इतक्या जवळ आहे का, आणि दाबल्यावर कोण येतं. डायपर बदलताना पडदा ओढतात का. संडासाला आतून कडी आहे का आणि गरज पडली तर ती बाहेरून उघडता येते का. वासाचं म्हणाल तर सकाळी सात वाजता लघवीचा वास येणारच, सकाळी अकराला यायला नको. आणि चोवीस तास फिनाईलचा भपकारा असेल तर तोही संशयास्पदच.

बायकांचे केस बघा. अनेक ठिकाणी आल्या आल्या केस बारीक कापून टाकतात आणि सगळ्यांना एकसारखे गाऊन चढवतात. उवा होतात, विंचरायला वेळ नाही, साडी नेसवायला माणूस नाही, अशी कारणं देतात. त्यात काही कारणं खरीही असतात. पण जन्मभर अंबाडा घालणाऱ्या बाईला विचारून कापले की न विचारता, हा फरक आहे. ते तिथल्या बायकांनाच विचारा.

आणि कान उघडे ठेवा. 'अहो' म्हणतात की 'ए आजी, गप बस'? सगळे पुरुष 'बाबा' आणि सगळ्या बायका 'आजी' असंच असेल तर त्यात वाईट हेतू नसतो, लाडच असतो बहुतेक वेळा. तरीही एक निवृत्त मुख्याध्यापक आठवतात. 'बाबा, चला आंघोळीला' म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आमच्यातल्या एका मामांना कुणीतरी सांगितलं, त्यांना 'सर' म्हणा. 'सर, पाणी काढलंय, येताय ना?' म्हटल्यावर उठून बसले, आणि टॉवेल स्वतः खांद्यावर घेतला.

पायरी ४ : विचारायचे प्रश्न

व्यवस्थापकांसमोर बसल्यावर आधी खर्चाकडे जाऊ नका. हे विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या, लिहिताना त्यांना दिसू द्या:

– रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती माणसं जागी असतात? 'असतात' आणि 'जागी असतात' यात फार फरक आहे. कुठल्या मजल्यावर किती रुग्ण आणि किती मावशी-मामा, असं मजल्यावार विचारा.
– सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा केलेल्या) आहेत की एएनएम (सहायक नर्सचा छोटा कोर्स केलेल्या), की अनुभवाने शिकलेल्या? रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स असते का?
– डॉक्टर किती वेळा येतात आणि मध्यरात्री काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात? सोबत कोण जातं, आमच्यापैकी कुणी पोहोचेपर्यंत कोण थांबतं?
– झोपून असलेल्यांची कूस बदलल्याची नोंद ठेवता का? दाखवाल?
– गेल्या काही महिन्यांत कोण कोण पडलं, पडल्यावर घरी किती वेळात कळवलं?
– हात बांधता का? कधी?
– झोपेची किंवा शांत करणारी गोळी कोण ठरवतं? सुरू करण्याआधी घरच्यांना कळवता का?
– इथे सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं आहे?

शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण त्याचं उत्तर मी सगळ्यात जास्त मोजते. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दर महिन्याला नवी माणसं येत असतील तर तुमच्या आईला चहात साखर किती लागते, कुठला खांदा दुखतो, हे कुणालाच कळत नाही. माणसं टिकतात याचा अर्थ पगार वेळेवर होतो, सुट्टी मिळते आणि वरून कुणी ओरडत नाही. ज्या जागेत मावशीला मान नाही तिथे आजीला मिळेल याची आशा धरू नका.

हात बांधण्याबद्दल थोडं सविस्तर. नाकातली नळी उपसून काढतात, सलाईन ओढतात, पलंगावरून उतरायला बघतात म्हणून मनगटं बँडेजने किंवा ओढणीने पलंगाला बांधायची पद्धत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मानसोपचाराच्या केंद्रांना लागू असलेला कायदा म्हणतो की शारीरिक बंधन शिक्षा म्हणून घालायचं नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही घालायचं नाही. तुमची जागा त्या कायद्यात बसो न बसो, कसोटी म्हणून तो धरायला हरकत नाही. चांगल्या जागी आधी कारण शोधतात. लघवी तुंबलीय का, शौचाला झालं नाही का, काही दुखतंय का? हाताला मऊ मोजा घालतात, पलंग खाली घेतात, शेजारी कुणाला बसवतात.

गोळीचंही तसंच. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या माणसाला आरडाओरडा थांबावा म्हणून मनोविकारावरची औषधं देतात. या औषधांनी अशा वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी ती लागतात, पण डॉक्टरांनी कारण लिहून, कमीत कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि पुन्हा तपासणीची तारीख टाकून. 'आता कसे शांत आहेत बघा' असं कुणी अभिमानाने दाखवलं तर औषधांचा कागद मागा.

पायरी ५ : पैसे आणि करार

तोंडी व्यवहार नको. अनामत किती, ती कधी आणि काय कापून परत मिळणार, महिन्याच्या रकमेत काय काय धरलंय, डायपर, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, हॉस्पिटलमध्ये सोबतीला दिलेला माणूस याचे वेगळे किती, आई पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये असेल तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, दरवर्षी वाढ किती, आणि सोडायचं असेल किंवा त्यांनी काढायचं ठरवलं तर किती दिवसांची सूचना, हे सगळं कागदावर हवं. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. पैसे बँकेतूनच द्या, पावती घ्या.

आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण ही योजना देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली. केंद्राच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल त्यात बसतं ते आत्ताच शोधा, रात्री अकराला ॲम्ब्युलन्समध्ये बसून नको.

कायद्यातलं थोडं प्रत्येकाला माहीत हवं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यात साठ वर्षांवरची व्यक्ती ज्येष्ठ. मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. 'मला सांभाळशील' या अटीवर घर किंवा जमीन बक्षीस दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. जिची जबाबदारी आपल्यावर आहे अशा व्यक्तीला पूर्णपणे टाकून द्यायच्या हेतूने कुठेही सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'कुठेही' यात वृद्धाश्रमाचं फाटकही आलंच. पहिल्या महिन्याचे पैसे भरून फोन नंबर बदलणारी मुलं असतात.

आणि घराचे कागद, मृत्युपत्र, एटीएम कार्डाचा पिन यातलं काही संस्था मागत असेल तर तिथून उठा.

पायरी ६ : सामान, आणि एक पानाची ओळख

कपड्यांवर, टॉवेलवर, चादरीवर नाव घाला. कपड्यांवर लिहायच्या पेनापेक्षा धाग्याने शिवलेलं नाव टिकतं. कवळीची डबी, चष्मा, कानाच्या मशीनचे सेल यावरही नाव. कवळी हरवली की माणूस जेवत नाही, आणि ती सापडते ती बहुतेक वेळा धुवायला टाकलेल्या चादरीत किंवा जेवणाच्या ताटात. औषधं मूळ पाकिटांतच द्या, सोबत डॉक्टरांचा ताजा कागद. स्वतःची उशी आणि अंगवळणी पडलेली गोधडी पाठवा. 'आमच्याकडे सगळ्यांना सारखी ब्लँकेटं असतात' म्हणाले तर हट्ट धरा. दागिने घरीच.

आता ते एक पान. ही माझी लाडकी गोष्ट आहे आणि कुठलंही केंद्र ती मागत नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत, मावशीला वाचता येईल असं लिहा आणि पलंगाशी लावू द्या. म्हणजे साधारण असं: 'यांना काकू म्हणा. बेळगावच्या आहेत, कानडीही समजतं. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. शाळेत शिवण शिकवायच्या. सकाळी आधी चहा, मग तोंड धुणं, उलटं केलंत तर दिवसभर रुसतील. गुरुवारी उपास करायच्या, आता साबुदाणा पचत नाही, वरीचा भात द्या. पुरुष माणसाकडून आंघोळ नको. रेडिओवर गाणी लागली की शांत होतात. उजवा गुडघा दुखतो, पाय उचलताना खालून हात द्या.' हे वाचल्यावर मावशीच्या समोर 'बेड नंबर सहा' उरत नाही. आजार, औषधं हे त्यात लिहू नका, ते फाईलमध्ये. भिंतीवर लावलेल्या कागदात कुणाला लाज वाटेल असं काही नको.

मासे खाणाऱ्या माणसाला शाकाहारी संस्थेत ठेवत असाल तर आधीच बोला. रत्नागिरीकडच्या एखाद्या आजोबांची भूक का गेली याचं उत्तर रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. काही ठिकाणी घरून डबा चालतो, काही ठिकाणी नाही.

'पहिले आठ दिवस भेटायला येऊ नका, सवय होऊ दे' असं कित्येक ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. शाळेत रडणाऱ्या मुलासारखा हा प्रकार नाही, मुलाला संध्याकाळी घरी जायचं असतं. पहिल्या आठवड्यात रोज जा, थोडा वेळ बसा, निघताना सांगून निघा. गुपचूप सटकू नका.

पायरी ७ : भेटायला गेलात की

केळी ठेवून, 'बरी आहेस ना?' विचारून, फोटो काढून परत यायचं नाही. वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी जा. सिस्टरांशी आणि त्या दिवशीच्या मावशीशी नावाने बोला. परदेशातून बघत असाल तर व्हिडिओ कॉलवर चेहराच दिसतो, पाय दिसत नाहीत. इथल्या कुणा नात्यातल्याला किंवा मैत्रिणीला महिन्यातून दोनदा जायला सांगा आणि खालचं सगळं तिला शिकवा.

टाचा बघा. पांघरूण बाजूला करून टाच हातात घ्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा आणि सोडा. डाग पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर तिथे बेडसोअरची, म्हणजे झोपून झोपून पडणाऱ्या जखमेची सुरुवात झालीय, कातडी फुटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गडद किंवा जांभळट छटा, गरमपणा, कडकपणा हाताला लागतो. मग माकडहाड, कंबरेची दोन्ही हाडं, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कानाची पाळी. झोपून असलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. 'आम्ही एअर बेड दिलाय' हे उत्तर पुरेसं नाही, गादी कूस बदलत नाही. माकडहाड बघायचं तर पडदा ओढून, आईला सांगून आणि मावशीच्या मदतीने. तिची लाज आपल्यालाही राखायची असते.

वजन दर महिन्याला होतं का आणि लिहितात का ते बघा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तर कारण शोधायलाच हवं. म्हणजे पन्नास किलोच्या बाईंचं महिन्यात अडीच किलो. 'वय झालंय' हे कारण झालं नाही. कवळी सैल झाली, तोंडात फोड आली, भरवायला माणूस नाही, मन लागत नाही, यातलं काहीतरी असतं. जीभ कोरडी, लघवी गडद, ओठांवर पापुद्रे म्हणजे पाणी कमी पडतंय. कधीकधी मुद्दाम कमी देतात, डायपर कमी भिजावा म्हणून. हे विचारायला लाजू नका.

कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज अचानक भ्रमिष्टासारखी वागायला लागली, दिवसा झोपून रात्री ओरडायला लागली, तर 'डिमेन्शिया वाढला' असं म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसात लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी होणं किंवा नवं औषध यामुळे असं एक-दोन दिवसांत होतं आणि उपचाराने बरंही होतं. त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

डायपर हा मानाचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. धरून संडासला नेलं तर ज्यांना जमतं, त्यांनाही 'त्यातच करा' सांगतात. काही आठवड्यांत उठायची ताकद जाते आणि मग डायपर खरोखरच लागतो. नेमून दिलेल्या वेळी, उठल्यावर, जेवणानंतर, झोपताना, संडासला नेतील का ते विचारा. रात्रीपुरता डायपर आणि दिवसा नाही, असं ठरवता येतं.

तक्रार असेल तर मावशीवर ओरडू नका. तुम्ही गेल्यावर त्या खोलीत तीच असते. आधी सिस्टरांना, मग व्यवस्थापकांना, आणि बोलल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी: 'आज उजव्या टाचेवर लाल डाग दिसला, कूस बदलण्याची नोंद काल दुपारनंतर नाही, आठवड्याने पुन्हा बघायला येतो.' तारीख आणि फोटो. सुधारणा झाली तर आभारही लेखी माना, मावशीचं नाव घालून. नाहीच झाली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, जिल्ह्याचं समाजकल्याण कार्यालय आहे. मारहाण, बोटांचे वळ, कारण सांगता येत नाही असं फ्रॅक्चर असेल तर पोलीस आणि दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये तपासणी, त्याच दिवशी. समजूत घालायच्या बैठका नंतर.

पायरी ८ : ती अजून नागरिक आहे

हे सगळ्यात कमी बोललं जातं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, आता मोबाईलवर चेहरा ओळखूनही तो होतो, त्यासाठी आजारी माणसाला बँकेच्या रांगेत न्यायचं कारण नाही. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदान करता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२ डी भरायचा असतो. केंद्र दुसऱ्या मतदारसंघात असेल तर पत्ता बदलायचा फॉर्म ८ आधी. 'आता त्यांना कशाला मतदान' असं म्हणणाऱ्यांना ते आजीच्याच तोंडावर विचारायला सांगा.

पेन्शनमधले शंभर-दोनशे रुपये तिच्या पाकिटात असू द्या. मावशीच्या मुलीला दिवाळीत ओवाळणी घालायची असते. फोन असेल तर चार्जरही हवा आणि बोलायला दार लोटून घ्यायची मुभा हवी. तिथे कुणाशी मैत्री झाली, कुणा आजोबांशेजारी बसायला आवडायला लागलं, तर मुलांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.

आणि वाढदिवसाचे पाहुणे. एखादं मंडळ येतं, केक कापतं, प्रत्येकाच्या हातात केळं आणि बिस्किटाचा पुडा देतं, देताना फोटो, संध्याकाळी तो फेसबुकवर. गाऊन सरकलेला, तोंडात कवळी नाही, अशा अवस्थेत जिल्हाभर प्रसिद्ध झालेल्या बायका मी पाहिल्यात, त्यातल्या एकीच्या माहेरच्यांना ती तिथे आहे हेच माहीत नव्हतं. प्रवेशाच्या फॉर्मवर 'विचारल्याशिवाय फोटो नको' असं लिहून द्या. स्वतः देणगी द्यायची असेल तर केळी राहू देत, चांगल्या प्रतीचे डायपर, कानाच्या मशीनचे सेल किंवा नाईटच्या एका मावशीचा पगार द्या.

पायरी ९ : शेवटाचं आधी बोलून ठेवा

तब्येत खूप ढासळली तर आयसीयू, व्हेंटिलेटर, नाकातली नळी यातलं काय हवं आणि काय नको, हे आईला बोलता येतंय तोवर विचारा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात असं इच्छापत्र (लिव्हिंग विल) आधी करून ठेवायचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येतं. एक प्रत केंद्राच्या फाईलमध्ये, एक डॉक्टरांकडे, एक परदेशातल्या भावाकडे. तिसरी प्रत महत्त्वाची, कारण ऐन वेळी 'काहीही करा पण वाचवा' असा फोन बहुधा तिथून येतो.

केंद्राला विचारा: शेवटचे दिवस इथेच काढता येतील का? वेदना कमी करायची औषधं द्यायला कुणी येतं का? रात्री आम्हाला शेजारी बसू द्याल का? रात्री गेल्या तर मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील? आधार कार्डाची प्रत आणि आजाराचे कागद त्यासाठी फाईलमध्ये असू द्या. त्याच खोलीतल्या बाकीच्या तिघींना कोण आणि कसं सांगणार, तेही विचारा. पुष्कळ जागी रातोरात पलंग रिकामा करून चादर बदलतात आणि विचारलं तर 'मुलाकडे गेल्या' म्हणतात. त्या तिघींना ते खरं वाटत नाही.